सावलीतला काळा कुणाचा?

दिवाळी अंकांच्या धामधुमीत पानं भराभर हातावेगळी करायची असतात. एका पानावर मात्र मी अडून बसलो. त्यावर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८८२ साली रंगवलेलं वारांझव्हीलचं चर्च होतं. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, समुद्रालगतच्या कड्यावर ते आजही उभं आहे. चित्रकार जॉर्ज ब्राक याची कबरही तिथेच. मोनेने ते मावळतीच्या उजेडात, दरीच्या अलीकडून पाहिलं.

लेआउट करणाऱ्या मुलाने विचारलं, "काका, खालचा काळा भाग कापू का? चर्च मोठं दिसेल, शिवाय कविताही याच पानावर बसेल."

पानाच्या हिशेबाने त्याचं रास्त होतं. चर्च अगदी वर, लहानसं; बाकी बहुतेक कॅनव्हास उतारानेच व्यापलाय. पण नजर झुडपांतून चढत चढत वर पोचते, म्हणून तर ते चर्च उंचावर वाटतं. उतार कापला तर चर्च मोठं होईल, उंच राहणार नाही.

आणि काळा? मूळ आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या फाइलमध्ये गडद जागा मोठ्या करून पाहिल्या. हिरवा, जांभळा, त्यालाच खेटून तांबडा-नारिंगी फटकारा. निखळ काळा सापडेना. मग छपाईच्या फाइलमधला नुसता ब्लॅक चॅनल, म्हणजे काळ्या शाईचा थर, उघडला, तर उतार काळ्या शाईने भरलेला! सगळा काळेपणा सेपरेशनमध्ये, म्हणजे छपाईसाठी चित्र चार शायांत वेगळं करताना, शिरला होता.

सायन (निळसर), मॅजेंटा (किरमिजी) आणि यलो (पिवळी) या शाया एकत्र आल्या की करडी छटा तयार होते. ती काढून तिथे काळी शाई घालायची, याला आम्ही जीसीआर म्हणतो. शाई वाचते, मशीनवर रंग फारसा हलत नाही, एरवी सोयीचंच. इथे मात्र सावलीतला जांभळा मरत होता. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी सावलीतला काळा हटवला, हे वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्या दिवशी ते चॅनलवर डोळ्यांना दिसलं आणि अंगावर काटा आला.

जीसीआर अगदी हलका केला, एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज ३०० च्या आत ठेवली आणि आर्ट पेपरवर पुन्हा प्रूफ, म्हणजे नमुना छाप, काढलं. उतारावरची तांबूस झाक परत आली. मुलगा प्रूफ खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत राहिला.

मशीनमनचं म्हणणं वेगळं होतं. आता करडा रंग तिन्ही शायांच्या तोलावर उभा. सायन जरा चढला की अख्खा उतार निळा पडणार. खरंच होतं ते. म्हणून छपाई संपेपर्यंत मी मशीनपाशी थांबलो, दर थोड्या वेळाने कागद काढून प्रूफशी ताडत. चित्र पूर्ण छापलं, कविता पुढच्या पानावर गेली.