मुलांची बेसमेंटमधली खोली आणि रेडॉन : माझा अनुभव

आम्ही अमेरिकेत डेमॉइनजवळ राहतो, आयोवा राज्यात. मुलांची प्लेरूम बेसमेंटमध्ये, मोठा झोपतोही खालीच, म्हणजे दिवसातले निम्मे तास मुलं जमिनीखाली. इथे रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी गॅस) हा शब्द घर घेताना सगळेच ऐकतात आणि "अहो आयोवात सगळ्यांकडेच असतो" म्हणून सोडूनही देतात. सगळ्यांकडे असतो हे जवळजवळ खरंच आहे, ईपीएच्या (अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या) नकाशात आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या सर्वात जास्त धोक्याच्या झोनमध्ये आहेत, पण म्हणून गप्प बसायचं हे लॉजिक मला काही पटलं नाही.

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा गॅस, ना रंग ना वास, काँक्रीटच्या फटीतून आणि संप पंपाच्या (बेसमेंटखालचं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यातून वर येतो. थंडीत हीटरची गरम हवा वर जाते आणि घर चिमणीसारखं खालून हवा ओढतं, त्यात खिडक्या सहा महिने बंद. सांगलीच्या घरात आमच्या खिडक्या कधी बंदच नसतात त्यामुळे सासूबाईंना हे प्रकरण समजावताना जाम वेळ गेला 😀

काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटमधून रेडॉन मोजायचं चारकोलचं किट स्वस्तात मिळालं. १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद, येण्याजाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. डबी जमिनीपासून किमान २० इंच वर, खिडकीपासून लांब, किचन-बाथरूममध्ये नाही. आम्ही मुलाच्या खोलीतल्या पुस्तकांच्या शेल्फवर ठेवली, ४८ तासांनंतर सील करून लगेच लॅबला पाठवली. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण रेडॉन चार दिवसांच्या आत निम्मा होतो, डबी गाडीत राहिली तर रिझल्टला अर्थ नाही.

आकडा आला ९.४ पिकोक्युरी प्रति लिटर (हवेतला रेडॉन मोजायचं एकक). ईपीए म्हणते ४ किंवा वर असेल तर घर दुरुस्त करा, डब्ल्यूएचओची रेफरन्स लेव्हल त्याहून कमी, साधारण २.७. आणि ८ च्या वर आलं तर लगेच दुसरी शॉर्ट टर्म टेस्ट करायची असते, ती केली, तीही नऊच्या घरातच. गंमत म्हणजे चार घरं सोडून मैत्रीण राहते, सेम बिल्डर सेम प्लॅन, तिचा आकडा २.३. त्यामुळे शेजाऱ्याच्या रिपोर्टवर विसंबू नका.

मुलांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं की मुलांच्या रक्तात वगैरे बघून काही कळणार नाही, यात लक्षणं नसतात, प्रश्न पुढच्या अनेक वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरची शक्यता वाढण्याचा आहे, म्हणून घरातल्या हवेतला रेडॉन कमी करा. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात असा ईपीएचा अंदाज आहे, आणि सिगरेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त, हे मी सासऱ्यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

मग कॉन्ट्रॅक्टर. उपाय म्हणजे जमिनीखालचा गॅस पाइपने ओढून बाहेर टाकणारा फॅन. एकजण म्हणाला फॅन बेसमेंटमध्येच बसवू, स्वस्तात होईल, पाइप भिंतीतून बाहेर. नवरा तयार होता, मी अडले. फॅनच्या पुढचा पाइप प्रेशरखाली असतो, तिथे जरा जरी लीक झालं तर जमिनीखालचा गॅस थेट मुलांच्या खोलीत, आणि भिंतीतून काढला की खिडकीतून परत आत. फॅन राहत्या जागेच्या बाहेर हवा आणि तोंड छपराच्या वर. दुसऱ्याकडे राज्याचं लायसन्स होतं, त्याने बेसमेंटच्या जमिनीच्या काँक्रीटला भोक पाडून खालची थोडी खडी काढली, पीव्हीसी पाइप गॅरेजमधून अॅटिकपर्यंत (छपराखालच्या माळ्यापर्यंत) नेला, फॅन तिथे, संपच्या खड्ड्यावर सीलबंद झाकण, फटी भरल्या. खर्च दीड हजार डॉलरच्या आसपास. मध्ये कुणीतरी एअर प्युरिफायर घ्या म्हणून सांगितलं, तो गॅस काढत नाही, पैसे वाचवा.

पाइपवर यू आकाराची पारदर्शक नळी असते, त्यातल्या रंगीत द्रवाच्या दोन बाजू खालीवर असल्या की ओढ चालू आहे, सारख्या झाल्या की फॅन बंद. ते बघायचं काम मोठ्याकडे दिलंय, तो फार सिरियसली करतो. फॅन २४ तास चालू ठेवूनच परत टेस्ट करायची, आमची आली ०.९. आता दर दोन वर्षांनी करायची, आणि मी तरी ती थंडीतच करणार.

आता दुसरं टेन्शन. आमची रविवारची मराठी शाळा ज्यांच्या बेसमेंटमध्ये भरते त्यांनी कधी टेस्टच केली नव्हती. आठवड्याचे दोन तास म्हणजे आमच्या मुलांचं काही बिघडत नाही, पण त्यांची दोन्ही मुलं तिथेच झोपतात. मी किट नेऊन दिलं, सहाच्या वर आला. त्यांना आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा नंबर दिलाय, तो पुढच्या आठवड्यात बघायला येतोय, तोवर मुलं वरच्या मजल्यावर हॉलमध्ये झोपतायत.