मामाचे जुने मार्क युरोत बदलून आणले

मामा नोकरीत असताना कंपनीच्या ट्रेनिंगला दोनदा जर्मनीत येऊन गेलेला, एकदा 1972 ला आणि परत 1993 ला. उरलेले मार्क, म्हणजे युरोच्या आधीचं जर्मन चलन, पुण्यात कपाटात पडून होते, आता मी स्टुटगार्टला राहतो म्हणून सुट्टीत गेलो तेव्हा अख्खं पाकीट माझ्या हातात, "बघ रे काही येतंय का, नाहीतर दे टाकून."

इथे माझ्या नेहमीच्या बँकेत विचारलं तर म्हणे आम्ही घेत नाही, बुंडेसबँकेत जा. ती म्हणजे इथली रिझर्व्ह बँक. 2002 ला युरोच्या नोटा आल्या तरी तिथे मार्क बदलायला आजही मुदतच नाही, भाव तोच ठरलेला, 1 युरोला 1.95583 मार्क, फी शून्य. आपली 2016 ची नोटाबंदी बघितलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही.

पण जायच्या आधी नाणी वेगळी काढा हां! 5 मार्कचं 1974 पर्यंतचं साधं नाणं चांदीचं असतं, साडेबासष्ट टक्के, म्हणजे जवळपास 7 ग्रॅम चांदी, आणि 5 मार्कचे युरो होतात फक्त 2.56. मामाच्या पाकिटात असं एक निघालं, खाली छोटं एफ म्हणजे स्टुटगार्टच्याच टांकसाळीचं, कडेवर "एकता, न्याय, स्वातंत्र्य" जर्मनमध्ये कोरलेलं. ते अर्थातच दिलं नाही.

बाकी काम एकदम सरळ, पासपोर्ट सोबत ठेवलेला, काउंटरवर नोटा दिल्या, त्यांनी तपासल्या मोजल्या आणि 230 मार्कचे 117.60 युरो हातात. गणितज्ञ गाऊसचं चित्र असलेली 10 मार्कची एक नोट मात्र मी मागे ठेवली, तिच्यावर चेहऱ्याशेजारी बेल कर्व्ह (घंटेच्या आकाराचा आलेख, क्वालिटी कंट्रोलमध्ये कायम लागतो) आणि त्याचा फॉर्म्युलासुद्धा छापलाय, आणि मामाचा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये गेला, तो ही नोट सोडणार होय!

पाकिटात 50 फ्रेंच फ्रँकची पण एक नोट होती. तिचं काही होत नाही, फ्रान्सने फेब्रुवारी 2012 लाच खिडकी बंद केली.

भारतात कोणाकडे मार्क असतील तर बुंडेसबँक पोस्टाने पण घेते, फॉर्म भरून पाठवायचा, पैसे खात्यात येतात. पण पाकीट वाटेत हरवलं तर काय घ्या, त्यापेक्षा इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.