इंजिन जाम, चेसिस कोरडी

साखळीजवळच्या माझ्या गॅरेजात दुरुस्तीच्या गाड्या येतात, तशीच जुनी गाडी घ्यावी की नाही हे विचारायला माणसेही येतात. त्यांतल्या बहुतेकांना न बिघडलेली जुनी गाडी हवी असते. गेल्या ऑक्टोबरात आलेला माझ्या मित्राचा मुलगा मात्र मुद्दाम बिघडलेली गाडी शोधत होता, आणि तीही चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, चारही चाकांना ताकद देणारी मोठी डिझेल गाडी. तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे, मायक्रोमीटर त्याच्या हातात रोजचा आहे, आणि चालू स्थितीतल्या तशा गाडीला लागणारे साडेतीन लाख रुपये त्याच्यापाशी नव्हते. बिघाड ठाऊक असलेली गाडी स्वस्तात घ्यायची आणि घरच्या शेडमध्ये स्वतः दुरुस्त करायची, असा त्याचा बेत होता. एकाच मॉडेलच्या, 2012 साली नोंद झालेल्या दोन गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष कंपनीचा नव्हता.

पहिली गाडी मांद्र्याला होती. तिचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सीलबंद करणारी पट्टी, गेलेले होते, मालक एक लाख पंचाहत्तर हजार मागत होते, आणि मुलाचे मन तिच्यावर बसलेले होते. दुसरी सत्तरीत, केरीच्या बाजूला. तिचे इंजिन जाम होते आणि किंमत नव्वद हजार होती. ‘‘काका, हेडचे काम मी करू शकतो. जाम इंजिनाच्या वाटेला कोण जाणार?’’ असे त्याचे म्हणणे होते, आणि कागदावर पाहिले तर ते बरोबरच दिसत होते.

रविवारी सकाळी म्हापशावरून शिवोली-चोपड्याच्या पुलाने आम्ही मांद्र्याला पोहोचलो. इंजिन सुरू करू नका, थंड राहू द्या, असे मी आदल्या दिवशी फोनवर कळवले होते. विकणारा आधी गाडी गरम करून ठेवतो तेव्हा निम्मे पुरावे नाहीसे होतात. मालक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी काहीही लपवले नाही. आधीच्या मेकॅनिकने लिहून दिलेली खर्चाची चिठ्ठीही त्यांनी पुढे केली.

रेडिएटरचे झाकण काढल्यावर आत हिरवे किंवा गुलाबी कूलंट नव्हते, तर विटकरी रंगाचे गढूळ पाणी होते. मी मास्तरांना विचारले, तेव्हा विहिरीचेच पाणी भरतो असे त्यांनी सरळ सांगितले. समुद्राजवळच्या विहिरीत क्षार असतात, आणि या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे तर ब्लॉक ओतीव लोखंडाचा. दोन धातूंच्या मध्ये असे पाणी खेळत राहिले की ते ॲल्युमिनियम खात जाते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गंज साचतो आणि इंजिन तापू लागते. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच, म्हणजे पाण्याचे तापमान सांभाळणारी झडपच, काढून टाकला होता, जो आपल्याकडचा फार आवडता उपाय आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट पसरते, हेड वाकते आणि मधले गॅस्केट फुटते. ‘‘पण काटा कधी वर गेलाच नाही,’’ असे मास्तर म्हणाले, आणि ते खरेच बोलत होते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच काटा खरे सांगतो; पाणी उडून गेले की त्याच्याभोवती नुसती वाफ किंवा हवा उरते आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरतो.

इंजिन सुरू केले तेव्हा मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होस दगडासारखा कडक झाला, आणि तोही पाणी हाताला थंड लागत असताना. सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत शिरत होता हे उघड होते. ऑइलची पट्टी मात्र स्वच्छ होती, ऑइलला चहाचा रंग आलेला नव्हता. ऑइल भरण्याचे झाकण सैल करून चालत्या इंजिनावर उलटे ठेवले, तर ते तिथेच जरासे थरथरत राहिले. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ते उडून पडले असते. हेड मशीनवर सपाट करणे, गॅस्केट, नवे हेड बोल्ट, रेडिएटर, थर्मोस्टॅट असा सगळा हिशेब पंचेचाळीस हजारांच्या आत बसत होता. मुलाने खिशातल्या पाकिटावर हात ठेवला.

मी जॅक मागितला. त्याने कुंपणाजवळ रचलेले चिरे चाकांखाली लावायला उचलले, तेव्हा ते मी परत ठेवायला लावले. चिरा भिंतीत वर्षानुवर्षे टिकतो, पण जॅकवरून उतरलेले ओझे एका कोपऱ्यावर आले की पूर्वसूचना न देता फुटतो, आणि गाडीखाली माणूस असतो. माझे लोखंडी स्टँड मी बरोबर आणले होते.

खालून गाडी काळीभोर आणि चकचकीत दिसत होती. मास्तर म्हणाले, ‘‘गणपतीआधीच सगळे कोटिंग करून घेतले.’’ विकायच्या गाडीला खालून ताजे कोटिंग दिसले की मला आनंद होत नाही. लहान हातोडीने मी डाव्या बाजूची चेसिस पुढून ठोकत मागे निघालो. पुढच्या दरवाजापर्यंत आवाज खणखणीत होता. मागच्या चाकाच्या थोडे पुढे, जिथे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचा ब्रॅकेट चेसिसला जोडलेला असतो, तिथे तो एकदम बद्द झाला. चेसिसच्या पोकळ पेटीला तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. तिथले भोक कोटिंगने बुजले होते. पेचकसाच्या टोकाने ते मोकळे केले तशी आतून वाळू गळू लागली. ओली, पांढुरकी, शिंपल्यांच्या कपच्या मिसळलेली वाळू माझ्या तळहातावर साचली आणि तरी येतच राहिली. भोकाच्या शेजारी पेचकस जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

मास्तर खाली वाकून पाहत होते. त्यांनी गाडी कधी किनाऱ्यावर नेली नव्हती. पण त्यांच्याआधी ती ज्याच्याकडे होती तो पर्यटकांना गाड्या भाड्याने देत असे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी असूनही लाटांमधून गाडी पळवणारे दर हंगामात सापडतात. खारी वाळू पोकळ पेटीत एकदा अडकली की शेडमध्ये उभी असलेली गाडीही गंजतच राहते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. आणि वरून कोटिंग मारल्याने तो ओलावा बाहेर पडायचा मार्गही बंद होतो. चिठ्ठी लिहून देणाऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडले होते, गाडीखाली तो गेलाच नव्हता.

‘‘पत्रा लावून वेल्डिंग करू,’’ मुलगा म्हणाला. त्याला वेल्डिंग उत्तम येते आणि म्हणूनच त्याला समजावणे कठीण होते. मी त्याला विचारले की पत्र्याच्या कडा कशाला जोडशील. चांगला धातू सुरू कुठे होतो हे आतून वाळू भरलेल्या पेटीत कसे शोधशील? मागचा सगळा ॲक्सल त्या ब्रॅकेटवर ओढला जातो, ब्रेक लागला की सगळा जोर तिथेच येतो. शिवाय 2027 मध्ये नोंदणीची 15 वर्षे पूर्ण होतात, तेव्हा पुढच्या 5 वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला उभी करावी लागेल. त्याचे शुल्क 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले आहे, ते भरता येईल, पण कुजलेली चेसिस तिथे दाखवायची कशी? इंजिनाचा प्रत्येक भाग दुकानात मिळतो. चेसिस म्हणजे गाडीची ओळख, नंबरही तिच्यावरच कोरलेला असतो. मास्तरांनी किंमत पन्नास हजारांनी उतरवली, तरी माझे उत्तर बदलले नाही, आणि मुलगा परतीच्या वाटेवर पर्वरीपासून डिचोलीपर्यंतच्या साऱ्या गॅरेजवाल्यांची नावे घेत होता, की अमुक जण करून देईल म्हणून.

दुपारी आम्ही केरीच्या बाजूला गेलो ते त्याच्या इच्छेविरुद्धच. काजूच्या भाटात, म्हणजे बागायतीत, पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी होती. उभ्या गाड्यांचा मला थोडा अनुभव आहे, कारण मी मूळचा खाणीवरच्या यंत्रांचा फिटर, आणि 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली-सत्तरीत अंगणाअंगणांत उभे राहिलेले टिपर मी पाहिले आहेत. उभ्या गाडीचे रबर सुकते, ब्रेकचे कॅलिपर धरतात, टाकीतले डिझेल बिघडते. पण हे सगळे दिसते आणि मोजता येते. इथे मी आधी चेसिसच ठोकली. दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत खणखणीत आवाज आला, तळाच्या भोकांतून थोडी लाल माती पडली, आणि चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली तेव्हा प्रत्येक आकडा स्पष्ट उमटला. तो आरसीशी जुळला. बँकेचा बोजाही उतरलेला होता.

मग इंजिन. पट्टा काढून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीला लांब पाना लावला, तरी ते हलले नाही. गाडीचे मालक असलेल्या भाटकारांच्या परवानगीने इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला, तर गाळासारखे घट्ट झालेले ऑइल आणि त्यात चमकणारी भुकटी सापडली. मी त्यात चुंबक फिरवला आणि भुकटी त्याला फारशी चिकटली नाही. म्हणजे ती मुख्यतः बेअरिंगची होती, पोलादाची नव्हे. ऑइल पंपाची जाळी गाळाने जवळजवळ बंद झालेली होती. ऑइल वेळेवर बदलले नाही, जाळी बुजली, बेअरिंगला ऑइल पोहोचले नाही आणि क्रँक धरला. ‘‘भाऊ, ऑइल बदलून किती काळ झाला?’’ असे विचारल्यावर भाटकार नुसते हसले.

त्या संध्याकाळी टर्नरने स्वतःच हिशेब मांडला. क्रँक 0.25 मिलिमीटरने ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग, सिलिंडर बोअरिंग, पिस्टन, टर्बोचा आतला भाग, ऑइल कूलर, सारे मिळून सव्वा लाख. नव्वद हजारांत ते मिळवले तर दोन लाख पंधरा हजार, आणि मांद्र्याची गाडी हेडसह दोन लाख वीस हजार. भाटकार शेवटी ऐंशीवर आले.

क्रँक आणि ब्लॉक बेळगावला मशीनवर गेले, बाकी सगळे त्याने घरी केले. मी दोनच गोष्टींचा आग्रह धरला. ऑइल कूलर आणि टर्बोच्या ऑइलच्या नळ्या धुऊन वापरायच्या नाहीत, नव्याच घालायच्या, कारण त्यांच्या वळणांत अडकलेला धातूचा एक कण नवे बेअरिंग खायला पुरतो. आणि हेड गॅस्केट जुन्याच जाडीचे मागवायचे नाही. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतात ते डायल गेजने मोजून त्याप्रमाणे निवडायचे. हे दुसरे काम त्याने माझ्यापेक्षा चांगले केले.

मास्तरांचा मध्यंतरी फोन आला. एक जण गाडी सुट्या भागांसाठी घ्यायला तयार होता, पण आरसी नावावर तशीच राहू द्या, मी बघतो, असे म्हणत होता. मी त्यांना तसे करू नका म्हणून सांगितले. गाडी कोणाच्याही हातात असो, आरसीवर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे; आणि गाडी कायमची मोडीत निघाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. मास्तरांनी ते सगळे लिहून घेतले आणि आरटीओचे काम पुरे झाल्याशिवाय गाडी हलू दिली नाही.