गल्लियोशी काय बोलावे?

ख्रिस्ताविषयी साक्ष देताना विरोध होईल अशी भीती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेहमी बोलून दाखवली जाते. प्रत्यक्षात वाट्याला येते ती बहुधा सभ्य उदासीनता. वाद घालणारा निदान प्रश्न महत्त्वाचा मानतो. ज्याला प्रश्नच पडलेला नाही, त्याच्यापुढे आपली सगळी तयारी निरुपयोगी ठरते.

अशा माणसाचे नेमके चित्र बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. करिंथ येथील यहुदी लोक ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला अखया या ग्रीसमधील प्रांताचा रोमी सुभेदार गल्लियो याच्या न्यायासनापुढे नेतात, आणि पौल बोलू लागणार इतक्यात गल्लियो सांगतो की हा शब्दांचा, नावांचा व तुमच्या नियमशास्त्राचा वाद आहे, तो तुमचा तुम्ही पाहून घ्या. डोळ्यांदेखत यहुदी सभास्थानाचा प्रमुख सोस्थनेस याला मारहाण होते, तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी येथील शिलालेखामुळे त्याचा कार्यकाळ इ. स. ५१-५२च्या सुमाराचा मानला जातो. सुशिक्षित, कामात गढलेला आणि धर्माच्या गोष्टी इतरांसाठी असतात असे समजणारा हा गृहस्थ आजही सहज भेटतो.

पौलाने पुढे गल्लियोला गाठून आपले म्हणणे ऐकवल्याचा उल्लेख नाही. तो आणखी बरेच दिवस करिंथातच राहिला. त्याच शहरात त्याने अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू करण्याचा धंदा केला होता, आणि माझ्या मते सुवार्तेला लागणारा सहवास अशा कामातच मिळतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) विश्वासणाऱ्याने उत्तरासाठी सिद्ध असावे असे म्हटले आहे, पण ते आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला, तेही सौम्यतेने. विचारणा होण्याजोगे आपल्या जगण्यात काही आहे का, हा प्रश्न मला समोरच्याच्या उदासीनतेपेक्षा अधिक अडचणीचा वाटतो.

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. विश्वास आपल्यासाठी काय आहे हे एकदा स्पष्टपणे सांगावे, आणि समोरच्याने विषय बदलला तर बदलू द्यावा. सर्व काही विकून गरिबांना दे ही येशूची अट ऐकून धनवान तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूनेही अट सैल करून त्याला परत बोलावले नाही, आणि तरी त्याच्यावर त्याने प्रीती केली, असे शुभवर्तमानात मार्क लिहितो.

शिवाय प्रत्येक उदासीन माणूस गल्लियो नसतो. नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी पौल बोलू लागताच त्याला कैदेत ठेवणारा रोमी सुभेदार फेलिक्स भयभीत झाला आणि सवड मिळाल्यावर बोलावीन म्हणाला. पुढे लाचेच्या आशेने का होईना, तो पौलाला वारंवार बोलावत राहिला. फेलिक्ससारख्याने पुन्हा विषय काढला, तर त्याचा हेतू तपासत न बसता मी बोलतो.