शिशावरचा शिक्का

दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन मी माझ्या टेबलावर आणून ठेवलंय. उलटं केलं की बुडाशी शिसं ओतून बुजवलेला खड्डा दिसतो. त्या शिशावर वजनमापवाल्या साहेबांनी हातोडीने उठवलेले शिक्के आहेत. वजन झिजून हलकं झालं की त्याच खड्ड्यात शिसं भरून ते बरोबर करायचं आणि दर दोन वर्षांनी तपासून घ्यायचं. कुणी लबाडीने शिसं खरवडलंच, तर त्याबरोबर शिक्काही जाणार. ज्याने कुणी ही युक्ती काढली, त्याला माझा नमस्कार.

आमचं किराणा दुकान सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात. एरवी गिऱ्हाईक ओळखीचं, माल नेला की वहीत मांडायचं. पण आठवडी बाजाराला लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं यायची. एक म्हातारी मला अजून दिसते. लिहिता-वाचता न येणारी. साखर घ्यायच्या आधी वजन उलटं करायची आणि शिशावर अंगठा फिरवायची. "सायबाचा शिक्का हाय न्हवं?" दुकान चालवणारे आमचे दादा कधी चिडले नाहीत. स्वतःच वजन उलटं करून तिच्या हातात द्यायचे. तिला दादा माहीत नव्हते आणि साहेबाला तर तिने कधीच पाहिलं नव्हतं, तरी अंगठ्याला खरखर लागली की ती पिशवी पुढे करायची.

आजीच्या तोंडी मात्र शेर, पायली, मापटं, चिपटंच असायचं. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची. तेव्हा या गावचा शेर त्या गावच्या शेराशी जुळेलच असं नव्हतं. 1956 च्या कायद्याने देशभर किलो-लिटर आणले, ते म्हातारीसारख्या परक्या गिऱ्हाइकाच्या किती कामाचं होतं हे मला मोठेपणी कळलं.

एकदा बाजारात एका व्यापाऱ्याच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला. पुढचे कितीतरी बाजार लोक आमच्याही तराजूखाली हात घालून बघत. दादांना ते फार लागलं. तेव्हापासून माल टाकण्याआधी ते रिकामा तराजू उचलून काटा मध्ये आलेला दाखवू लागले. पारडी बरोबरीला आणायला पासंग लागलाच तर तोही गिऱ्हाइकासमोर.

आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, तो दरवर्षी तपासावा लागतो. आणि संशयाचं तोंड फिरलंय. यूपीआय आलं 2016 साली, आमच्याकडे जरा उशिराच. एका अनोळखी पोराने पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून तेलाचा डबा नेला, तेव्हा आम्ही आवाज देणारी पेटी घेतली. पूर्वी गिऱ्हाईक शिक्का बघायचं, आता दादा पेटी बोलायची वाट बघतात. पेटीने मराठीत रक्कम सांगितली की मगच पिशवी हातात. पोराच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही, की "दाखव बरं मोबाईल" म्हणायचं नाही. त्या दोन क्षणांत कुणाचाच अपमान होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

दादांची जुनी सवय मात्र तशीच आहे. काट्याचे लाल आकडे गिऱ्हाइकाकडे वळवतात आणि म्हणतात, "आधी शून्य बघून घ्या. मग टाकतो."