रुईच्या दोन जाती: रंग नव्हे, पाकळ्यांची ठेवण

दर शनिवारी मारुतीच्या देवळांबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला येतात. त्यामुळे मुंबईकराला रुई ठाऊक असते ती पानांवरून. फुले पाहिलीच, तर जांभळट ती रुई आणि पांढरी तो मांदार, अशी वाटणी करून तो मोकळा होतो. पूजेपुरती ही वाटणी चालते. वनस्पतिशास्त्रात मात्र ती टिकत नाही, कारण आपल्या किनारपट्टीवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेला वाढणाऱ्या कॅलोट्रोपिस जायगँटिया या एकाच जातीला फिकट जांभळी आणि पांढरी अशी दोन्ही रंगांची फुले येतात.

खरोखर वेगळी जात आहे ती कॅलोट्रोपिस प्रोसेरा. ही अधिक कोरड्या हवेची. राजस्थानपासून पश्चिम आशिया आणि आफ्रिकेपर्यंत तिचा विस्तार आहे. दोन्ही झाडांची जाड, लवदार पाने आणि पांढरा चीक इतका सारखा असतो, की फूल नसताना मी तरी छातीठोकपणे जात सांगणार नाही. फूल उमलले की संशय राहत नाही. जायगँटियाच्या पाकळ्या पसरून मागे वळतात व मधला मुकुट उघडा पडतो. प्रोसेराच्या पाकळ्या उभ्या राहतात, आतून पांढरट असतात आणि त्यांच्या टोकांना गडद जांभळा रंग असतो. कळ्याही पाहाव्यात: पहिलीच्या लांबट अंडाकृती, दुसरीच्या गोलसर.

परागीभवनाची रीत दोघींची सारखीच, आणि माझ्या मते रंगापेक्षा कितीतरी अधिक पाहण्याजोगी आहे. रुईचे परागकण सुटे उडत नाहीत; ते मेणचट पुंजक्यांच्या जोडीत बांधलेले असतात, आणि मधासाठी आलेल्या भुंग्याचा पाय फुलातील फटीत शिरला की ती जोडी पायाला अडकून पुढच्या फुलापर्यंत जाते. भुंग्यासारखा दणकट कीटक हे ओझे सहज ओढून नेतो. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तर हीच विषारी पाने खाऊन वाढतात, आणि ते विष अंगात साठल्यामुळे पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत.

कळी जवळून पाहण्यासाठी फांदी वाकवावी, तोडू नये. चीक डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होऊन दृष्टी अंधूक होते, म्हणून हात लागलाच तर डोळे चोळण्याआधी तो साबणाने धुवावा.