गोवा: मोठं पॅकेज सोडून छोट्या बोटवाल्याबरोबर फिरलो, जाणाऱ्यांसाठी माहिती

दिवाळीनंतर गोव्याला जाऊन आलो, आई, नवरा, मुलगी आणि मी. आईला पाण्यातूनच फिरायचं होतं, तिने लहानपणी मुंबईहून कोकण बोटीचा प्रवास केलाय, ते वेड तिचं अजून गेलेलं नाही. म्हणून आधी मुंबई-गोवा क्रूझ बघितली. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज छानच आहे, पण ते लागतं मुरगाव बंदराला आणि गोवा बघायला मिळतात मोजके तास, शिवाय जाहिरातीतल्या रेटवर पोर्ट चार्जेस, टॅक्स वगैरे चढतात, तेव्हा बुक करताना एकूण रक्कमच विचारा. ज्यांना जहाजावरच सुट्टी घालवायचीय त्यांनी जरूर जावं. पणजीत सांता मोनिका जेट्टीवरून संध्याकाळी तासाभराच्या क्रूझ सुटतात, त्यात डीजे आणि गर्दी, आईला ते झेपणारं नव्हतं.

मग ठरवलं की कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी बघायच्या. हा कालवा मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडतो, आणि तिथे खाऱ्या-गोड्या मिसळलेल्या पाण्यात मगरी राहतात. होमस्टेच्या मालकिणीने एका बोटवाल्याचा नंबर दिला. ना वेबसाइट, ना रिव्ह्यू. पण फोनवर तो म्हणाला, "ताई, उद्या सकाळी भरती आहे, चिखल पाण्याखाली जातो, मगर दिसणार नाही, दुपारी ओहोटीला या." तिथेच माझं ठरलं. दुसऱ्या एका बड्या एजंटला हेच विचारलं होतं तर तो म्हणाला, कधीही या मॅडम, शंभर टक्के दिसते! जो माणूस हातातलं बुकिंग पुढे ढकलून खरं सांगतो त्याच्यावर मी विश्वास टाकते.

तरी नुसत्या विश्वासावर बोटीत बसू नका. गोव्यात पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांना 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि बोटींची नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे सरकारच्या बंदर खात्याकडे असते. दोन्ही नंबर बिनधास्त विचारा, खरा धंदेवाला रागावत नाही, आमच्याने तर लगेच व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. बोटीत किती माणसं बसवायची परवानगी आहे, तेवढीच बसवणार का, बोट रद्द झाली तर पैसे परत का पुढची तारीख, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. अॅडव्हान्स थोडाच द्या. आणि लहान मूल असेल तर लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते आधीच विचारा, हे मी मुद्दाम सांगतेय कारण आदल्या दिवशी एका बीचवर डॉल्फिनच्या बोटीत माझ्या मुलीला मोठ्यांचं जॅकेट घातलं, हात वर केल्यावर ते सरळ कानापर्यंत आलं, आम्ही तिथेच उतरलो. कुणी घाई केली तरी उतरायचं.

कालव्यात मात्र सगळं नीट. आईला बोटीत चढवायला बोटवाल्याने स्वतःचा खांदा दिला. मगर दिसली तेव्हा त्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने बोट थोपवून धरली, ती चिखलावर जबडा उघडा टाकून पडलेली, मातीच्याच रंगाची, आईला तर दात दिसेपर्यंत ओंडकाच वाटत होता. तो जवळ नेत नाही, खायलाही टाकू देत नाही, तुमचा बोटवाला तसं करत असेल तर तो चांगला नाही समजा.

चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्याचं गणित उलटं आहे, खारफुटीत होडी आत जायला भरतीचं पाणी लागतं. त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही करायचं तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून सकाळ-दुपार ठरवा. रायबंदरहून चोडणला फेरीबोट आहे, पायी जाणाऱ्यांना फुकट.

वेळ असेल तर जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर जा आणि पलीकडच्या फेरीने नार्वेला उतरा. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा उभारलं, आईचा पाय तिथून निघेना. पावसाळ्यात समुद्रातल्या बोटी बंद असतात आणि नदीच्याही रद्द होतात, तेव्हा जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मगरी थंडीतच उन्हाला जास्त येतात. टोपी आणि प्यायचं पाणी सोबत घ्या, बोटीत सावली नसते.